अभ्यासिकेच्या दारात क्यूआर कोडचा फळा लावायचाय, पण कोणाचा नंबर न घेता. सूचना हव्यात

करीरोडकर

नमस्कार मंडळी,

लालबाग-परळ भागात आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर उघडी, सकाळी लवकर ते रात्री उशिरापर्यंत. बारावीची पोरं येतात, सीएच्या मुली येतात, एमपीएससीवाले तर मुक्कामालाच असतात आणि आता रात्रीच्या कॉलेजची, दिवसा नोकरी करणारी मंडळीपण यायला लागलीत. ज्यांनी वरळीची अभ्यास गल्ली बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको की आपल्या इकडे अभ्यासाला शांत जागा मिळणं ही केवढी गोष्ट आहे.

जागेचं झालं, पण माहितीचं अजून जमत नाहीये. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले हे एकाला कळतं आणि शेजारच्या खुर्चीवरच्याला कळत नाही, कारण दोघांची कॉलेजं वेगळी, व्हॉट्सॲप ग्रुप वेगळे. नॉन-क्रिमीलेअरला कुठली कागदं लागतात, जात पडताळणीला कधी टाकायचं, रेल्वे कन्सेशन कसं मिळतं, सीईटीनंतर कॅप राउंडला पर्याय भरताना क्रम कसा लावायचा, हे सगळं त्याच खोलीत कोणाला ना कोणाला माहीत असतं. दोन वर्षांपूर्वी त्यातूनच गेलेला मुलगा तिथेच बसलेला असतो, पण आत बोलायचं नाही हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे.

म्हणून दाराबाहेर, चपलांच्या कपाटावरच्या भिंतीवर एक फळा लावायचा विचार आहे, त्यावर चार-पाचच क्यूआर कोड, मोठे, खाली मराठीत ठळक लिहिलेलं की हा कशाचा. एक शिष्यवृत्ती आणि दाखल्यांचा, एक प्रवेशांचा, एक जुन्या प्रश्नपत्रिकांचा, आणि एक सर्वात महत्त्वाचा, ज्यातून ज्युनियरला त्याच्या लाईनमधला सीनियर सापडेल.

माझा आग्रह एकच आहे, माहिती वाचायला कोणाला नंबर, ईमेल, जन्मतारीख काहीही द्यावं लागू नये. स्कॅन केलं, पान उघडलं, वाचलं, संपलं. आजकाल साधी मार्गदर्शनाची पुस्तिका बघायला गेलं तरी आधी फॉर्म भरा म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून क्लासवाल्यांचे फोन चालू होतात, तेही आईवडिलांच्या नंबरवर. ज्या घरातून पहिलंच पोर कॉलेजात गेलंय तिथे आईला वाटतं हा कॉलेजचाच फोन आहे. हे आपल्या फळ्यामुळे होता कामा नये.

कोड टिकाऊ कसा करायचा, सीनियर-ज्युनियर गाठ नंबर न देता कशी घालायची आणि पुढे हे सांभाळायचं कोणी, या तिन्हीवर सांगा.

माटुंगा_पूर्व

धागा आवडला, वाचनखूण साठवली.

टिकाऊपणाबद्दल सांगतो कारण तिथेच बहुतेकांचं बिनसतं. क्यूआर कोड स्वतः कधी एक्स्पायर होत नाही. १९९४ मध्ये जपानात टोयोटा ग्रुपच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या टीमने तो बनवला, गाड्यांच्या सुट्या भागांसाठी, कारण साध्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये वीसएक अक्षरंच मावायची आणि एकेका खोक्यावर कित्येक बारकोड स्कॅन करत बसायला लागायचं. पेटंट असूनही कंपनीने कोणालाही वापरू दिला, म्हणून आज भाजीवाल्यापासून मेट्रोच्या तिकिटापर्यंत सगळीकडे तो फुकट आहे. तेव्हा कोड बनवून द्यायचे पैसे कोणी मागत असेल तर ते कोडचे नाहीत, मधल्या सेवेचे आहेत.

आता ही मधली सेवा काय? स्टॅटिक कोडमध्ये तुमचा पत्ता किंवा मजकूर सरळ आत असतो. डायनॅमिकमध्ये आत असते त्या साईटची छोटी लिंक, ती आधी त्यांच्याकडे जाते आणि तिथून तुमच्या पानावर. सोय अशी की छापल्यानंतरही मुक्काम बदलता येतो. पण ट्रायल संपली किंवा साईट बंद पडली की फळ्यावरचा कोड मेला, वर कोण कधी कुठून स्कॅन करतंय त्याचा हिशेब त्यांच्याकडे जातो. एका कॉलेजात फेस्टच्या वेळी सीनियर्सनी असेच कोड जिन्याभर लावले होते, नंतर ते स्कॅन केले की प्लॅन घ्या असं पान यायचं, आणि एफवायची मुलं बिचारी समजायची की माहितीला पैसे पडतात.

उपाय सोपा आहे. मंडळाच्या नावाने स्वतःचा एक डॉट इन पत्ता घ्या, वर्षाचा खर्च मंडळाला सहज झेपणारा असतो, आणि त्या पत्त्यावरच्या पानांचे स्टॅटिक कोड काढा. आतलं पान उद्या हवं तिकडे हलवा, कोड तोच राहील. आणि फाईली कोणाच्या कॉलेजच्या ड्राईव्हवर ठेवू नका, मुलगा पास आऊट झाला की बऱ्याच ठिकाणी ते खातंच बंद करतात आणि फाईली त्याच्याबरोबर जातात.

छपाईवाला

फोर्टमध्ये आमचं छपाईचं काम आहे, रोज कोड छापतो म्हणून लिहितो.

साईजचा ढोबळ हिशेब असा की जितक्या लांबून स्कॅन करणार त्याच्या दहावा भाग कोडची रुंदी. दीड मीटरवरून करायचा तर पंधरा सेंटीमीटर. चपला काढताना एकमेकांच्या अंगावरून पोरं स्कॅन करणार, तेव्हा लहान छापू नका.

कोडच्या चारी बाजूंना पांढरी जागा सोडायची असते, कोडमधले जे बारके चौकोन असतात तसे चार चौकोन मावतील एवढी. डिझाईन करणारी मुलं तिथेच तोरण, गणपती, बॉर्डर घालतात आणि मग म्हणतात फोन पकडत नाही. काळ्यावर पांढरा कोडही नको, जुन्या फोनना जड जातो.

मधे लोगो टाकायचा असेल तर कोड बनवताना एरर करेक्शन एच ठेवा. चार पातळ्या असतात, एल एम क्यू एच, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो अशा. पण तीन कोपऱ्यांतले जे मोठे चौकोन आहेत त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावरूनच फोनला कळतं की कोड कुठे आहे आणि सरळ आहे का आडवा. परवा एका सोसायटीच्या लॉबीत बघितलं, कोड एकदम झकास, आणि वॉचमनने पडू नये म्हणून नेमकी डाव्या वरच्या कोपऱ्यावर ब्राऊन टेप मारलेली. बाकी सगळं शाबूत असून काही उपयोग नाही.

आणि ग्लॉसी लॅमिनेशन अजिबात करू नका! तुमच्याकडे दारावर ट्यूब असणारच, तिचा पट्टा बरोबर कोडवर चमकतो, मग पोरं फोन तिरका करत बसतात. मॅट करा, किंवा सनबोर्डवर मॅट विनाईल, ते पावसाळ्यात फुगतही नाही. फाईल मात्र पीडीएफ किंवा एसव्हीजी द्या, व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो देऊ नका, त्याच्या कडा फाटलेल्या असतात.

विक्रोळीच्या_बाई

मी शाळेत शिकवते, माध्यमिकला. क्यूआर कोड आमच्या मुलांना नवीन नाही. बालभारतीच्या पुस्तकांत असतोच, दीक्षा ॲपमधून उघडतो. याची मुळं आपल्याच राज्यात आहेत हे मुलांना मी मुद्दाम सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना कोड चिकटवले, त्यातून मुलांना कविता ऐकता यायच्या, धड्याचे व्हिडिओ बघता यायचे, आणि पुढे २०१७ मध्ये राज्याने सगळ्याच पाठ्यपुस्तकांसाठी ते घ्यायचं ठरवलं. २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राईज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिले.

पण वर्गातला अनुभव असा की कोड पुस्तकात आहे म्हणजे तो उघडला जातो असं नाही. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री येतो तेव्हा नेटपॅक संपलेला. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की कोडच्या शेजारी कागदपण ठेवा. शेवटची तारीख, लागणारी कागदं, वेबसाईटचा पत्ता, एवढं हाताने फळ्यावर लिहा. ज्याच्याकडे फोन नाही त्यालाच शिष्यवृत्तीची जास्त गरज असते हो.

दुसरं, अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात त्यांना लहान मूलच धरलंय, त्यांची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती हवी. तुम्ही काही गोळाच करणार नाही म्हणताय ते म्हणूनच फार बरं वाटलं.

जर्नलवाली

करीरोडकर, नंबर न घेण्यावर ठाम राहा प्लीज.

मी टीवायला आहे. आमच्या विषयाचा एक ग्रुप होता, सगळ्या कॉलेजच्या मुलांसाठी, नोट्स आणि सबमिशनच्या तारखांचा, त्याचा कोड झेरॉक्सच्या दुकानात लावलेला होता. हेतू चांगलाच होता, उपयोगही खूप झाला, माझ्या अर्ध्या जर्नल्स त्या ग्रुपमुळे वेळेत गेल्या. पण कोड भिंतीवर म्हणजे कोणीही आत येऊ शकतो, आणि आत आलेल्याला सगळ्यांचे नंबर दिसतात. काही दिवसांनी मुलींना अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागले, डीपी छान आहे, कुठे राहतेस, असले. आमच्यातल्या बऱ्याच जणी ग्रुप सोडून गेल्या आणि मग त्यांना व्हायवाची बदललेली तारीख कळली नाही. म्हणजे त्रासही त्यांना आणि नुकसानही त्यांचंच.

ग्रुप हवाच असेल तर नवीन माणसाला ॲडमिनने मंजूर केल्याशिवाय आत येता येऊ नये ही सेटिंग आहे, ती चालू ठेवा. पण नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर चॅनल करा, त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

पार्लेकर

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. माहितीपुरतं ठीक, पण ओळखी वाढवायच्या म्हणता आणि नावही सांगायचं नाही म्हणता हे कसं जमेल? मी भरती करणाऱ्या बाजूला काम करतो. शेवटच्या वर्षाच्या मुलाने दिसायलाच पाहिजे. मोठ्या कॉलेजच्या मुलांना सीनियर आयते भेटतात, फेस्टच्या कमिटीत, कॅन्टीनमध्ये, प्लेसमेंट सेलमध्ये. रात्रीच्या कॉलेजचा मुलगा सहाला ऑफिसातून सुटतो, धावत लेक्चरला पोचतो, शेवटच्या लोकलने घरी, त्याला कोण भेटणार? त्याच्यासाठी हा कोड म्हणजे एकच रस्ता आहे आणि तिथेही आपण त्याला लपवून ठेवलं तर त्याचं नुकसान आहे.

माझी सूचना, प्रत्येकाने स्वतःचा कोड रेझ्युमेवर टाकावा, लिंक्डइन प्रोफाईलचा किंवा स्वतःच्या कामाच्या पानाचा. जेजे आर्ट कॉलेजची मुलं पोर्टफोलिओचा कोड टाकतात, बघणारा दोन सेकंदात कामावर पोचतो.

करीरोडकर

पार्लेकर, राग कसला, रात्रीच्या कॉलेजबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी आमच्याच पोरांचं आहे. फरक एवढाच करतो की स्वतःला दाखवायचं का आणि किती हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि वाचायला आलेल्याकडून ते मागू नये. रेझ्युमेवर कोड टाकणारा विचार करून टाकतो, फळ्यासमोर उभा असलेला अकरावीचा मुलगा नुसता तारीख बघायला आलेला असतो.

सीनियरचं असं डोक्यात येतंय. पानावर नावं-नंबर नाहीतच, फक्त क्षेत्र आणि वर्ष, म्हणजे 'डिप्लोमानंतर डिग्रीला गेलेला, मेकॅनिकल', 'सीए आर्टिकलशिप चालू', 'रात्रीचं कॉलेज करून बँकेत लागलेली'. विचारायचं असेल तर खाली अभ्यासिकेचा एक ईमेल, नाहीतर दारातल्या पेटीत चिठ्ठी. आम्ही ती सीनियरला देणार, तो महिन्यातून एका रविवारी अभ्यासिकेच्याच बाहेरच्या खोलीत येऊन बसेल, चारचौघांत भेट होईल, पुढे नंबर द्यायचा की नाही ते त्यांचं ते बघतील. विचारणारी मुलगी असेल तर शक्यतो सीनियरही मुलगीच, आणि त्या रविवारी मंडळाच्या दोन ताई हजर.

अंधेरी_ईस्ट

अनुमोदन. पार्लेकरांच्या मुद्द्याला एक जोड, काही जण व्हीकार्डचा कोड करतात, म्हणजे स्कॅन केला की नाव नंबर थेट फोनबुकात. तो स्टॅटिक असतो, नंबर कोडच्या आतच छापलेला. एकदा दहा जणांनी फोटो काढला की तो परत घेता येत नाही. हातातल्या कार्डावर ठीक, भिंतीवर नको.

आणि एक वेगळीच गोष्ट सुचवतो. कोडमध्ये लिंकच असली पाहिजे असं कुठंय? नुसता मजकूर पण टाकता येतो आणि तो वाचायला नेट लागत नाही. तुमच्या दारात रेंज कशी आहे माहीत नाही पण जुन्या चाळींच्या तळमजल्यावर बऱ्याचदा रडतच असते. अभ्यासिकेच्या वेळा, दाखल्यांच्या कागदांची यादी, हेल्पलाईनचे नंबर, या न बदलणाऱ्या गोष्टींचा मजकूर सरळ कोडमध्ये घाला.

फक्त मराठीत लिहिताना जागेचा हिशेब ठेवा. सर्वात मोठ्या कोडमध्ये, १७७ बाय १७७ चौकोनांचा असतो तो, जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीत काना-मात्रा-वेलांटीसकट प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, 'मराठी' एवढ्या शब्दाला पंधरा झाले. म्हणजे कागदावर हजाराच्या आत चिन्हं, आणि तेवढं भरलं तर कोड इतका बारीक होतो की स्वस्तातला फोन पकडतच नाही. दोनशे-अडीचशेच्या आत ठेवा, त्यात वीसएक ओळींची अपेक्षा नको पण कागदांची यादी आरामात बसते. कोड छापण्याआधी तुमच्याकडचा सगळ्यात जुना फोन घेऊन संध्याकाळच्या उजेडात तपासा.

स्पर्श

मला दिसत नाही, फोन टॉकबॅकवर वापरतो, म्हणजे पडद्यावरचं फोनच मला वाचून दाखवतो. क्यूआर कोडबद्दल आमची अडचण अशी की तो भिंतीवर आहे हेच कळत नाही. कोणी सांगितलं तरी कॅमेरा किती उंचीवर धरायचा ते चाचपडत शोधायला लागतं, आणि चार कोड शेजारी असले की भलताच उघडतो.

कोडच्या भोवती बोटाला लागेल अशी उठावदार चौकट लावा, पांढऱ्या जागेच्या बाहेरून. दोन कोडमध्ये चांगलं वीतभर अंतर ठेवा. आणि पानाचा पत्ता छोटा, तोंडी सांगता येईल असा ठेवा, म्हणजे कोणी वाचून दाखवला की मी टाईप करेन, कोडची गरजच नाही.

याहून मोठी गोष्ट पानाच्या आत आहे. परिपत्रकाचा फोटो काढून टाकला तर माझ्या फोनला तिथे फक्त एक चित्र आहे एवढंच कळतं. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या मराठी पीडीएफचं तर विचारू नका, टॉकबॅक त्यातून अर्थहीन अक्षरं वाचतो. युनिकोड मराठीत मजकूर टाईप करून टाका. याचा फायदा सगळ्यांना होईल, फोनवर बोटांनी मोठं करत बसायला नको आणि शोधलं की सापडतं.

छपाईवाला

स्पर्श, ही चौकट आमच्या कधी डोक्यातच आली नव्हती. ॲक्रिलिकच्या पट्ट्या कापून लावता येतील, मी करून देतो. ब्रेलचं लेबल करून मिळतं का तेही बघतो, मजकूर तुम्ही तपासून द्या.

माटुंगा_पूर्व

सुरक्षेचं राहिलं होतं. फळा दाराबाहेर म्हणजे रस्त्यावरचा कोणीही वरून स्टिकर मारू शकतो. दुकानांत पैशांच्या कोडवर असं झालेलं आहे, दुकानदाराच्या कोडवर दुसऱ्याचा कोड. फळ्यावर काच किंवा ॲक्रिलिकचं मॅट झाकण लावा आणि कुलूप उघडणाऱ्याने रोज सकाळी कोडवर नख फिरवून बघायचं, कड लागली की वर काहीतरी चिकटवलंय. खाली लिहाच की आमच्या कोडमधून पैसे, ओटीपी, पिन कधीच मागितला जात नाही, आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. शिष्यवृत्ती जमा करतो म्हणून पिन मागणारे असतात, तेव्हा हे वाक्य मोठ्या अक्षरात हवं. वर्गणीचा कोड मात्र या फळ्यावर चुकूनही लावू नका, दोन्ही शेजारी आले की लोकांचा गोंधळ होतो.

कोड पत्र्याच्या शेडवर, विजेच्या खांबावर, बस स्टॉपवर चिकटवत सुटू नका, मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा राज्याचा कायदा आहे. स्वतःची भिंत, ओळखीचं झेरॉक्सचं दुकान, कॉलेजने परवानगी दिली तर त्यांचा नोटीस बोर्ड, बास.

विक्रोळीच्या_बाई

नोट्सबद्दलही सांभाळा. प्रकाशकांची अख्खी पुस्तकं स्कॅन करून टाकू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्याच साईटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, तिथली लिंक द्या. मुलांनी स्वतः काढलेल्या नोट्स त्यांच्या परवानगीने.

जर्नलवाली

सीनियरच्या रविवारी मी येईन, बीएस्सी केमिस्ट्री. सबमिशन, इंटरनल, एटीकेटी, काहीही विचारा. पण पान अपडेट कोण करणार ते अजून ठरलेलं दिसत नाही. शेवटची तारीख उलटून गेलेलं पान बघून मुलगा पुन्हा कधी स्कॅन करणार नाही.

करीरोडकर

मंडळी, मनापासून आभार. काल कमिटीसमोर हा धागा वाचून दाखवला.

ठरलं ते असं. पत्ता मंडळाच्या नावाने, त्याची वर्षाची फी वर्गणीतून, पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडे, म्हणजे कोणी नोकरीसाठी पुण्याला गेलं तरी अडणार नाही. प्रत्येक पानाच्या वर 'शेवटचं तपासलं' म्हणून तारीख, आणि महिना उलटून गेला असेल तर पान स्वतःच लाल पट्टीत सांगेल की आधी मूळ साईटवर खात्री करा. पान सांभाळायला एक एफवायचा आणि एक टीवायचा अशी जोडी, टीवायचा गेला की एफवायचा शिकलेला असेल. पेटी उघडायची दर गुरुवारी, दोघांनी मिळून.

फोन नसलेल्यांसाठी बाईंनी म्हटल्याप्रमाणे खाली खडूचा फळा, आणि कागदांच्या यादीच्या झेरॉक्स एका क्लिपला लावलेल्या, ज्याला हवी त्याने न विचारता घ्यावी. अंधेरी_ईस्टचा बिननेटचा कोड दाखल्यांसाठी करतोय.

स्पर्श, पान तयार झालं की छापायच्या आधी तुम्हाला पाठवतो, टॉकबॅकवर कुठे अडतंय ते सांगा, तुमच्याकडून हो आलं की छपाईवाल्यांना फाईल देतो. पार्लेकर, रेझ्युमेवर कोड काय टाकावा आणि प्रोफाईलवर काय लिहावं हे दाखवायला एका रविवारी येणार का? रात्रीच्या कॉलेजची पोरं विचारतायत, त्यांना संध्याकाळी चारनंतरची वेळ जमेल.

पार्लेकर

येतो. जुलैचा दुसरा रविवार धरा, प्रत्येकाला आपला रेझ्युमे छापून आणायला सांगा.